एका व्हीपारचे कोअर दुसऱ्याला द्यायचे आहेत, चालू सर्व्हरवर हात लावू का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

चार महिन्यांपूर्वी एक एचपी-यूएक्स (एचपीचं युनिक्स) सर्व्हर माझ्याकडे आला. आधी तो ज्यांच्याकडे होता ते निवृत्त झाले. जाताना त्यांनी एक वही दिली, पण तिच्यात पासवर्ड बदलल्याच्या तारखा आणि बॅकअप टेपांचे नंबर याखेरीज काही नाही. माझा आजवरचा अनुभव लिनक्सचा. युनिक्सची सवय आहे, पण व्हर्च्युअल पार्टिशन (व्हीपार), म्हणजे एकाच मशीनची वाटणी करून प्रत्येक भागावर वेगळी ओएस चालवणं, हा प्रकार मी पहिल्यांदाच सांभाळते आहे.

मशीन इंटिग्रिटी आरएक्स७६४० आहे, ओएसची आवृत्ती ११आय व्ही३, व्हीपारच्या सॉफ्टवेअरची ए.०५. एकूण ८ कोअर, ३२ जीबी मेमरी. त्यात तीन व्हीपार आहेत. इथे त्यांची खरी नावं देत नाही, समजायला लेखा, साठा आणि चाचणी म्हणते. लेखाकडे २ कोअर, १२ जीबी. साठाकडे २ कोअर, ८ जीबी. चाचणीकडे ४ कोअर, ८ जीबी. म्हणजे सगळ्यात कमी काम ज्याला आहे त्याच्याकडे सगळ्यात जास्त कोअर. बहुधा कधीतरी मोठी चाचणी घेतली असेल आणि नंतर ते कोअर तिथेच राहिले.

महिन्याच्या शेवटी लेखा अक्षरशः गुदमरतं. त्या दोन दिवसांत 'सार -क्यू' लावलं की कामांची रांग ९-१० च्या खाली येत नाही, आणि त्याच वेळी चाचणी ९८ टक्के रिकामं बसलेलं असतं. गेल्या महिन्यात मी लेखामध्ये लॉगिन करून ही कमांड दिली:

व्हीपारमॉडिफाय -पी लेखा -ए सीपीयू::४

मला लेखाला एकूण ४ कोअर द्यायचे होते. कमाल मर्यादेपेक्षा जास्त होतात म्हणून नकार आला. मर्यादा तर ४ चीच दिसते, मग ४ कसे चालत नाहीत? तिथेच थांबले, कारण हा चालू सर्व्हर आहे आणि एका व्हीपारवर काही चुकलं तर बाकीचे दोनही पडतात का, हेच मला माहीत नव्हतं.

आणखी तीन गोष्टी आहेत. एक, लेखामध्ये 'टॉप' लावलं की २ कोअर दिसतात, 'आयओस्कॅन'मध्येही (हार्डवेअरची यादी) तेच. अख्ख्या मशीनचं चित्र कुठून पाहायचं? दोन, मागच्या आठवड्यात चाचणीची स्थिती काही वेळ 'हंग' दिसत होती, मग आपोआप पुन्हा 'अप' झाली. त्या वेळी काय करायला हवं होतं? तीन, पुढच्या महिन्यात विजेच्या कामासाठी अख्खी खोली बंद करायची आहे. तोपर्यंत चाचणीची कोणालाच गरज नाही, म्हणून ते आत्ताच बंद करून त्याचे चारही कोअर लेखाला द्यावेत असं वरिष्ठांचं म्हणणं आहे. जमल्यास चाचणीकडचं जादा नेटवर्क कार्डही.

उत्तर सविस्तर मिळालं तर फार मदत होईल.

टर्मिनल_उघडं

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. व्हीपारमॉडिफायमध्ये -ए म्हणजे 'आहे त्यात घाल'. तुमचे २ आणि वर ४ मिळून ६ झाले, मर्यादा ४, म्हणून नकार. एकूण आकडा सांगायचा असेल तर -एम वापरायचा: -एम सीपीयू::४ म्हणजे 'एकूण चार कर'. कमी करायला -डी. मी स्वतः फक्त -एम वापरतो. कमांड चुकून दोनदा दिली गेली तरी उत्तर बदलत नाही.

पण -एम दिलं असतं तरी आत्ता चाललं नसतं. २+२+४ मिळून आठ, सगळे वाटून झालेत. मोकळा एकही नाही. आधी चाचणीकडून काढायचे, मग लेखाला द्यायचे.

कन्सोलवाला

रात्रपाळी, तुम्ही नकार आल्यावर थांबलात हे फार बरं केलंत. खाली लांबलचक लिहितो आहे, पण तिसऱ्या मुद्द्यापर्यंत नक्की वाचा. तो वाचल्याशिवाय चाचणी बंद करू नका.

मी हे व्हीपार ११आय व्ही१ पासून सांभाळतो आहे. नव्या माणसाला एकच गोष्ट आधी मनात पक्की करायला सांगतो: पार्टिशनच्या आतून पार्टिशनच दिसतं, मशीन दिसत नाही. 'टॉप', 'आयओस्कॅन' ही सगळी त्या त्या ओएसची नजर. ओएसच्या खाली आणि फर्मवेअरच्या वर एक थर बसलेला असतो, तो व्हीपीमॉन. आम्ही त्याला नुसतं मॉनिटर म्हणतो. कोणाकडे कोणता कोअर, किती मेमरी, कोणती कार्डं, हे सगळं त्याच्याकडे असतं. मशीनचं खरं चित्र हवं असेल तर त्यालाच विचारायचं, आणि विचारायची कमांड व्हीपारस्टेटस. कोणत्याही चालू व्हीपारमधून रूट म्हणून ती देता येते.

कुठलाही बदल करण्याआधी मी ती चार वेळा देतो, नेहमी याच क्रमाने.

पहिल्यांदा -डब्ल्यू लावून. 'मी आत्ता कोणत्या व्हीपारमध्ये आहे' एवढंच ती सांगते. क्षुल्लक वाटेल, पण माझ्या हातून झालेली सर्वांत वाईट चूक याच कारणाने झाली. या मशीनवर एकच हार्डवेअर कन्सोल असतो आणि कंट्रोल-ए दाबलं की तो एका व्हीपारवरून पुढच्यावर जातो. नाव चौकटी कंसात एकदाच उमटतं आणि वर सरकून जातं. एका रात्री मी कंट्रोल-ए एकदा दाबलं आणि काहीच उमटलं नाही असं वाटून पुन्हा दाबलं. समोर प्रॉम्प्ट आला, त्यावर 'शटडाऊन -एच' दिलं, आणि जे पार्टिशन बंद करायचं नव्हतं तेच बंद झालं. शंभरेक लोक त्यावर काम करत होते. त्यांचं अर्धवट भरलेलं काम गेलं आणि त्यातल्या प्रत्येकाला मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक व्हीपारच्या रूटच्या प्रॉम्प्टमध्ये त्याचं नाव टाकतो, आणि तरीही -डब्ल्यू देतोच.

दुसऱ्यांदा नुसती, काहीही न लावता. सगळ्या व्हीपारची एक-एक ओळ येते: नाव, स्थिती, ऑटोबूट (आपोआप उठणं) आहे की नाही, कर्नल कोणता. त्याखाली कोअरची किमान आणि कमाल मर्यादा, मेमरीचा आकडा.

तिसऱ्यांदा -ए, कॅपिटल. यात फक्त मोकळं काय आहे ते दिसतं. तुमच्याकडे कोअरच्या जागी काहीच येणार नाही. मेमरी मात्र थोडी मोकळी दिसेल, पण ३२ मधून २८ वजा करून येणारे पूर्ण ४ जीबी नाही. मॉनिटर आणि फर्मवेअर स्वतःसाठी काही मेमरी राखतात. हिशेब जुळत नाही म्हणून घाबरू नका.

चौथ्यांदा -व्ही -पी आणि व्हीपारचं नाव. हे सविस्तर. त्यात कोअरचे तीन गट दिसतील: बूट प्रोसेसर (ज्यावर पार्टिशन उठतं तो कोअर), मॉनिटरने दिलेले आणि माणसाने हार्डवेअर पाथ (मशीनमधला त्याचा पत्ता) लिहून दिलेले. हा फरक महत्त्वाचा आहे. बूट प्रोसेसर चालू पार्टिशनमधून निघत नाही. बाकीचे निघतात, पण जसे दिले तसेच काढावे लागतात. नुसता आकडा सांगून दिलेले आकडा सांगून निघतात, पाथ लिहून दिलेल्यांसाठी पाथच लिहावा लागतो. चाचणीचे चार कोणत्या गटात आहेत ते आधी बघा.

या चारही वेळचं उत्तर फाईलमध्ये घ्या आणि ती फाईल त्या मशीनच्या बाहेर ठेवा. कागदावर छापून ठेवलं तर आणखी उत्तम.

आता तुमचं काम. चाचणीचे मॉनिटरने दिलेले कोअर असतील तर:

व्हीपारमॉडिफाय -पी चाचणी -एम सीपीयू::२
व्हीपारस्टेटस -ए (कॅपिटल, इथे २ मोकळे दिसले पाहिजेत)
व्हीपारमॉडिफाय -पी लेखा -एम सीपीयू::४

तिन्ही कमांड चालू मशीनवर देता येतात, एकही पार्टिशन बंद करावं लागत नाही. मधली ओळ गाळू नका. काढलेला कोअर खरोखर मोकळा झाला हे डोळ्यांनी पाहूनच पुढची कमांड द्यायची. लेखावर चालणारा प्रोग्राम सुरू होताना कोअर मोजून तेवढेच थ्रेड उघडत असेल तर नव्या दोन कोअरचा फायदा त्याला पुन्हा सुरू केल्यावरच मिळेल, हे वापरणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

४ च्या वर न्यायचं तर आधी कमाल मर्यादा बदलावी लागेल, आणि ती फक्त पार्टिशन बंद असताना बदलते. विजेच्या कामाच्या दिवशी लेखा बंद असेलच, तेव्हा ती वाढवून घ्या. वापर लगेच नसला तरी जागा राहू द्या.

एका व्हीपारची ओएस कोसळली तर बाकीचे पडत नाहीत. व्हीपार असतात ते त्यासाठीच. प्रत्येकाचा कर्नल वेगळा, पॅच वेगळे, रीबूट वेगळा. पण मॉनिटरच पडला तर सगळे पडतात. आणि दुसरी एक वाट आहे जिच्याकडे लोकांचं लक्ष नसतं: साधारणपणे कुठल्याही व्हीपारचा रूट दुसऱ्या कुठल्याही व्हीपारला बदलू शकतो, रीसेटही करू शकतो. म्हणजे चाचणीचा रूट पासवर्ड प्रोग्रामरना दिलेला असेल तर त्यांच्या हातात लेखाही आहे. ए.०५ मध्ये हे अधिकार ठरावीक व्हीपारपुरते मर्यादित करता येतात, त्याची कमांड व्हीपारअॅडमिन. हे काम महिनाअखेरीच्या आधी कराच.

'हंग'बद्दल. प्रत्येक व्हीपारमध्ये व्हीपीएचबीडी नावाचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) असतो, तो मॉनिटरला ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' असं कळवतो. ते कळवणं थांबलं की मॉनिटर त्याच्या नावापुढे 'हंग' लिहितो. पार्टिशन मेलंच आहे असा त्याचा अर्थ नाही. तो डीमनच कोणी मारला असेल, किंवा पार्टिशन इतकं अडकलं असेल की डीमनला वेळच मिळाला नसेल. तुमचं आपोआप 'अप' झालं, म्हणजे बहुधा दुसरं कारण. अशा वेळी आधी पिंग, मग लॉगिन, मग कन्सोल. तिन्ही गेले तरच दुसऱ्या व्हीपारमधून व्हीपाररीसेट -पी चाचणी -टी. -टी मुळे मेमरीचा डंप पडतो आणि नंतर कारण शोधता येतं. सोबत -एफ लावू नका. तो लावला की मशीन 'नक्की?' असं विचारतही नाही, आणि ती विचारणा नाव पुन्हा वाचण्याची शेवटची संधी असते. व्हीपारस्टेटस -ई ने मॉनिटरची घटनांची नोंद दिसते, मागच्या आठवड्याचा तो प्रकार त्यात सापडतो का पाहा.

आता तिसरा मुद्दा. इथे जरा सावकाश वाचा.

मॉनिटरकडची सगळी माहिती एका फाईलमध्ये असते, /स्टँड/व्हीपीडीबी. ही प्रत्येक व्हीपारच्या बूट डिस्कवर वेगवेगळी असते. मशीन चालू असताना मूळ प्रत मॉनिटरच्या मेमरीत असते आणि चालू व्हीपार आपापली डिस्कवरची प्रत तिच्याशी जुळवून घेत राहतात. नीट लक्षात घ्या, *चालू* व्हीपार. जो बंद आहे त्याची प्रत तो ज्या दिवशी बंद झाला त्या दिवशीच गोठलेली असते.

आणि अख्खं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की मॉनिटर कुठली प्रत वाचतो? ज्या डिस्कवरून तो स्वतः लोड झाला, त्या डिस्कवरची.

माझ्याकडे चार व्हीपारचं मशीन होतं. मॉनिटर ज्या डिस्कवरून लोड व्हायचा ती पहिल्या व्हीपारची होती. त्या व्हीपारचं काम संपलं म्हणून आम्ही ते बंद ठेवलं, आठ महिने. त्या आठ महिन्यांत कोअर हलवले, मेमरी वाढवली, चौथं व्हीपार तर त्याच काळात नव्याने तयार केलं. मग वीज बंद करण्याचं काम निघालं. वीज परत आल्यावर मॉनिटर त्याच जुन्या डिस्कवरून लोड झाला, आठ महिन्यांपूर्वीची व्हीपीडीबी वाचली आणि त्याप्रमाणे मशीन उभं केलं. सर्वांत महत्त्वाचं पार्टिशन एका कोअरवर आलं. चौथं व्हीपार तर यादीतच नव्हतं.

माझ्या जोडीदाराने लगेच सुचवलं की दुसऱ्या व्हीपारच्या डिस्कवर ताजी प्रत असणार, ती वापरू. नव्हती. ते व्हीपार ऑटोबूटने वर आलं होतं, आणि वर आल्या आल्या त्याने आपली ताजी प्रत मॉनिटरच्या जुन्या प्रतीशी जुळवून टाकली होती. तिसऱ्याचंही तेच. आम्ही दोघं पंधरा मिनिटं काही न बोलता बसून होतो. मग लक्षात आलं की चौथं व्हीपार जुन्या यादीत नव्हतं, म्हणून ते वर आलंच नाही, म्हणून त्याच्या डिस्कला कोणी हात लावलेला नाही. वीज जाईपर्यंत ते चालू होतं, म्हणजे त्याच्यावरची प्रत ताजी आहे. सगळं बंद केलं, ईएफआयमधून (फर्मवेअरच्या बूट मेनूमधून) चौथ्याची डिस्क निवडली, तिच्यावरून मॉनिटर उठवला आणि आठ महिन्यांचं काम जागेवर आलं.

चौथं व्हीपार नसतं तर सगळं आठवणीतून पुन्हा लिहावं लागलं असतं. मॉनिटरच्या बाहेर आमच्याकडे एक ओळही लिहिलेली नव्हती.

म्हणून आत्ता लगेच व्हीपारस्टेटस -एम द्या. व्हीपारमॉडिफायमधल्या -एम शी याचा काही संबंध नाही. मॉनिटर कोणत्या डिस्कवरून लोड झाला तो पाथ आणि डेटाबेसच्या फाईलचं नाव ती सांगते. तो पाथ तिन्ही व्हीपारच्या बूट डिस्कशी ताडून पाहा आणि इथे कळवा.

रात्रपाळी

काका, तुमचं उत्तर दोनदा वाचलं आणि मगच मशीनकडे गेले.

-एम ने दाखवलेला पाथ चाचणीच्या बूट डिस्कचा आहे. पाथ तीन वेळा ताडून पाहिला.

म्हणजे ठरल्याप्रमाणे काल चाचणी बंद केलं असतं, मग कोअर हलवले असते, तर पुढच्या महिन्यात वीज परत आल्यावर मशीनने कालच्या आधीची मांडणी उभी केली असती. आणि त्या वेळी मला कारणच कळलं नसतं. वरिष्ठांना तुमचा तिसरा मुद्दा जसाच्या तसा वाचून दाखवला. चाचणी बंद करायचं नाही असं ठरलं.

चाचणीचे चारपैकी तीन कोअर मॉनिटरने दिलेले आहेत आणि एक बूट प्रोसेसर. पाथ लिहून दिलेला एकही नाही. किमान मर्यादा १ आहे.

आता दोन प्रश्न. मॉनिटर लेखाच्या डिस्कवरून लोड व्हावा असं कायमचं करायचं असेल तर 'सेटबूट'ने (बूट डिस्क ठरवणारी कमांड) होईल का? आणि कार्डाचं काय?

चौथा_स्लॉट

कार्डाचं मी सांगतो, यातच माझे बरेच दिवस गेले आहेत.

व्हीपारमध्ये कार्ड एकेकटं वाटता येत नाही. वाटणी एलबीएच्या (लोकल बस अॅडॅप्टर, कार्डाचा स्लॉट ज्याला जोडलेला असतो तो भाग) पातळीवर होते, म्हणजे तो बस अॅडॅप्टर आणि त्याच्या खाली जे काही आहे ते सगळं एकाच व्हीपारकडे जातं. तुमच्या मशीनवर साधारणपणे एका स्लॉटला एक एलबीए असतो, त्यामुळे नुसतं नेटवर्कचं कार्ड असेल तर अडचण नाही. पण ते नेटवर्क आणि फायबर चॅनल (बाहेरच्या डिस्कची जोडणी) एकत्र असलेलं कार्ड असेल तर नेटवर्कसोबत फायबर चॅनलही जाईल, आणि त्या वाटेने चाचणीच्या डिस्क येत असतील तर चाचणी उठणारच नाही. चाचणीमध्ये 'आयओस्कॅन -एफएन' लावून त्या पाथखाली काय काय लटकलं आहे ते आधी पाहा.

दुसरं म्हणजे हे कोअरसारखं चालू मशीनवर होत नाही. ज्याच्याकडून काढायचं आणि ज्याला द्यायचं, दोन्ही व्हीपार बंद हवेत. तुमच्याकडे विजेच्या कामाचा दिवस आहेच, तोवर थांबा.

मेमरीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कधीतरी लागेल म्हणून सांगतो. ए.०५ मध्ये चालू असताना मेमरी देता येते, पण परत घ्यायची झाली तर फक्त फ्लोटिंग म्हणून दिलेलीच निघते. बेस म्हणून दिलेली पार्टिशन बंद केल्याशिवाय निघत नाही. देतानाच ठरवा. आणि मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते त्या ग्रॅन्युलचं माप डेटाबेस पहिल्यांदा तयार होतानाच ठरतं. ते बदलायचं तर सगळी व्हीपार नव्याने मांडावी लागतात, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक. विजेच्या कामाआधी कोणी सेल (प्रोसेसर आणि मेमरीचा बोर्ड) घालणं-काढणं असं एनपारच्या (हार्डवेअरच्याच वाटणीच्या) पातळीवरचं काही करून 'शटडाऊन -आर', तोही कॅपिटल आर, दिला तर मशीन पुनर्रचनेची वाट पाहत राहतं, आणि सगळी व्हीपार बंद होऊन मॉनिटर पुन्हा उठेपर्यंत बंद झालेलं एकही व्हीपार परत उठत नाही. लहान आर आणि मोठा आर यांत गफलत करू नका.

११आय व्ही३ चा नेहमीचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होता, तेव्हा काही बिघडलं तर हाक मारायला कोणी असेलच असं नाही. वीज जाण्याआधी तिन्ही व्हीपारच्या इग्नाइटच्या (अख्खी सिस्टिम परत उभी करता येईल अशा) प्रती वेगवेगळ्या घ्या आणि त्यातली एक तरी वाचून पाहा.

कन्सोलवाला

रात्रपाळी, बरोबर ताडलंत.

सेटबूटने होणार नाही. व्हीपारच्या आत दिलेला सेटबूट फक्त त्या व्हीपारची व्हीपीडीबीमधली नोंद बदलतो. मशीन थंड अवस्थेतून उठताना फर्मवेअर कोणती डिस्क घेतं, त्याच्याशी त्याचा संबंध नाही. आतून बघायला गेलं की बदल झालेला दिसतो, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. फर्मवेअरचा क्रम ईएफआयच्या बूट मेनूमधूनच बदलायचा, म्हणजे पुन्हा तोच विजेचा दिवस.

त्या दिवशीचा क्रम असा ठेवा. साठा चालू ठेवून बाकी दोन आधी 'शटडाऊन -एच' ने खाली आणा, प्रत्येक वेळी स्थिती 'डाऊन' झालेली पाहून. 'शट' म्हणजे अजून खाली येतं आहे, ते 'डाऊन' नाही. लेखाची कमाल मर्यादा बदलायची तर लेखा खाली असताना साठामधून बदला, मग लेखा पुन्हा उठवून नवी मर्यादा दिसते का ते बघा. कार्डही याच वेळी, लेखा आणि चाचणी दोन्ही खाली असताना. यानंतर चाचणीही एकदा पूर्ण उठवा. ही पायरी वेळखाऊ वाटेल, पण सगळ्या डिस्कवरच्या प्रती ताज्या होतात त्या इथेच. तिन्ही 'अप' दिसल्यावर लगेच खाली आणू नका. मी सवयीने पाच मिनिटं थांबतो, मग तिन्हीकडे व्हीपीडीबीची वेळ पाहतो.

मग तिन्ही खाली. शेवटचं खाली गेलं की कन्सोलवर मॉनिटरचा 'मॉन>' असा प्रॉम्प्ट येतो. तिथे रीबूट दिलंत की मशीन फर्मवेअरकडे जातं. ईएफआयमध्ये लेखाची डिस्क पहिल्या क्रमांकावर घ्या. लेखाच्या डिस्कवरची ऑटो फाईल (उठताना काय चालवायचं ते सांगणारी) जरूर तपासा. तिच्यात 'बूट व्हीपीमॉन -ए' असायला हवं. तिथे साधा 'बूट' असेल तर मॉनिटर उठणारच नाही. मशीन व्हीपारच्या मोडमध्येच असतं आणि त्या मोडमध्ये एकटा कर्नल नीट उठत नाही, मग रात्री दोन वाजता मोड बदलण्याच्या भानगडीत पडावं लागतं.

वीज घालवण्याआधीच एकदा या नव्या डिस्कवरून उठवून पाहा. वीज परत आल्यावर पहिल्यांदा प्रयोग करू नका. उठल्यावर पहिली कमांड व्हीपारस्टेटस -एम, पाथ लेखाचा आला की पुढे. आणि समजा काही कारणाने जुनी मांडणी दिसली, तर आणखी एकही व्हीपार उठवू नका. जे उठेल त्याची ताजी प्रत जाईल.

रात्रपाळी

काल रात्री कोअर हलवले. इथे लिहून ठेवते म्हणजे माझ्यासारख्या कोणाला उपयोग होईल.

आधी चारही व्हीपारस्टेटस फाईलमध्ये घेतल्या आणि फाईल दुसऱ्या सर्व्हरवर नेली. चाचणीवर -एम सीपीयू::२ दिलं, काही सेकंदांत प्रॉम्प्ट परत आला. कॅपिटल -ए लावलं, २ मोकळे. तिथे मी एक मिनिट थांबले, चाचणीत लॉगिन करून 'टॉप' पाहिलं, सगळं ठीक. मग लेखावर -एम सीपीयू::४. लेखामध्ये 'टॉप' उघडंच होतं, त्यात दोन नव्या ओळी आल्या. वापरणाऱ्यांपैकी कोणालाही काही कळलं नाही. टर्मिनल_उघडं म्हणाले तसं -एम सीपीयू::४ मुद्दाम दुसऱ्यांदा दिलं, काहीही बदललं नाही.

-ई च्या नोंदीत मागच्या आठवड्याचं 'हंग' सापडलं. चाचणीवर प्रोग्रामरांचं एक काम त्याच वेळेला सुरू होतं, आणि त्यांच्याकडे रूट पासवर्ड होता. तो आज सकाळी बदलला. व्हीपारअॅडमिनचं काम या आठवड्यात घेते आहे.

कार्ड एकत्र स्वरूपाचंच निघालं. त्याच्या फायबर चॅनलच्या वाटेवर चाचणीचा एक व्हॉल्यूम ग्रुप (डिस्कचा गट) आहे, म्हणून कार्ड चाचणीकडेच ठेवते आहे.

लेखाच्या डिस्कवरच्या ऑटो फाईलमध्ये नुसतं 'बूट' होतं. ते बदललं.

वहीत आता चार नवी पानं झाली आहेत. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: मॉनिटर सध्या चाचणीच्या डिस्कवरून उठतो, चाचणी बंद ठेवून मांडणी बदलू नये. विजेच्या कामानंतर ती ओळ खोडून लेखाचा पाथ लिहीन आणि इथेही कळवीन.